गाढीच्या उगमाकडे, सायकलवरून



सायकलवरून एखादा दिवस डोंगर-तळ्यांत भटकायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच लोणावळ्याचं नाव निघतं. गाडीच्या टपावर सायकली बांधायच्या, घाट चढून जायचं, तिथं तासभर सायकल चालवायची, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीतून घरी. पनवेलजवळच्या करंजाड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला एवढ्या लांब जायचं काहीच कारण नाही. आमच्या वसाहतीच्या अंगणातूनच गाढी नदी खाडीकडे जाते. तिच्या काठाकाठानं उलट्या दिशेनं निघालं, तर साधारण वीस-बावीस किलोमीटरवर डांबरी रस्ता संपतो आणि माथेरानचा कडा समोर उभा राहतो. वाटेत पनवेलची जुनी तळी लागतात, भातखाचरं लागतात, आदिवासी वाड्या लागतात आणि गाढेश्वरचं धरण लागतं. आज याच वाटेबद्दल बोलणार आहे.

सुटीच्या दिवशी काही हौशी मंडळींना मी या वाटेनं घेऊन जातो. त्यांतला एक तरी मला विचारतोच, “फोनमध्ये नकाशा असताना वाटाड्या कशाला?” प्रश्न चुकीचा नाही. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली ह्यूगो बोलेन नावाच्या खाणअभियंत्यानं सायकलवाटांच्या प्रत्येक तिठ्या-चौकाला क्रमांक दिला. खाणीतल्या बोगद्यांना क्रमांक असतात, त्यावरून त्याला हे सुचलं. निघताना चार-पाच आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. पुढं हॉलंडनंही तीच पद्धत घेतली. तिथं वाट दाखवायला माणूस लागत नाही.

आपल्याकडे अशा पाट्या नाहीत, पण माणूस लागतो तो त्यासाठी नव्हे. रस्ता फोन दाखवतो. वर माथेरानवर पाऊस सुरू आहे, आता हा सांडवा ओलांडू नका, हे फोन सांगत नाही. कुणाच्या ओसरीवर बसता येईल, कुणाच्या विहिरीचं पाणी प्यावं, कोणत्या शेतातून सायकल नेऊ नये, हेही सांगत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाटाड्याचं खरं काम थांबवण्याचं असतं.

आता निघू या. ऑक्टोबर संपत आला की या वाटेचा हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. पहाटे निघायचं, कारण करंजाड्याचा शेजार न्हावाशेवा बंदराच्या रस्त्याचा आहे. कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस धावतात. ट्रेलरच्या डाव्या कुशीत सायकल असली तर चालकाला ती दिसतच नाही, म्हणून वळणावर त्याच्या बाजूला घुसायचं नाही, मागं थांबायचं. पुढचा-मागचा दिवा हवा, हेल्मेट हवं. माझ्या गटात सगळ्यांत पुढं एक जाणता आणि सगळ्यांत मागं दुसरा जाणता, असा नियम आहे. मागच्याजवळ पंप, जादा ट्यूब आणि चेन जोडायचं अवजार असतं. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही.

निघण्यापूर्वी मी प्रत्येकाची सीट तपासतो. नव्या माणसांच्या गुडघेदुखीचं कारण बहुतेक वेळा चढ नसतो, खाली ठेवलेली सीट असते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चालवताना, पायाचा चवडा पायडलवर असताना, गुडघ्याला थोडासाच बाक राहतो. आणि चढ लागण्याआधी गिअर हलका करायचा. चढावर जोर लावत असताना बदलायला गेलं की चेन उतरते. एवढं सांगून पुरतं. बाकी रस्ता शिकवतो.

करंजाड्याबद्दल थोडं सांगतो. ही सिडकोनं आखलेली वसाहत. नवी मुंबई विमानतळासाठी जी गावं उठली, त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना वडघर-करंजाडे भागात जागा मिळाल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या कामात उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, उलव्याचा डोंगर कापला गेला. म्हणजे इथल्या अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतली नदी आणि आठवणीतला डोंगर आता जागेवर नाही. गाढीच्या वरच्या अंगाला मात्र दोन्ही अजून जागेवर आहेत, आणि मला तिकडंच जावंसं वाटतं याचं हेही एक कारण असावं.

नदी ओलांडून पनवेलात शिरलं की पहिला थांबा वडाळे तळ्याचा. पनवेल हे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, अशी ऐकायला गोड नावं. इथली नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महापालिका झाली. सकाळी तळ्याच्या काठावर फिरायला आलेल्यांची गर्दी असते आणि पाण्यावर पाणपक्षी असतात. इथं पाच मिनिटं पुरे. चहा मात्र घ्यावा, पुढं बराच वेळ मिळत नाही.

सुकापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लोक माथेरान रोड म्हणतात. या रस्त्यानं कुठलीही गाडी माथेरानला पोचत नाही! माथेरानात मोटारी चालत नाहीत हे खरं, पण हा रस्ता माथेरानच्या वेशीलाही जात नाही, डोंगराच्या पायाशीच संपतो. दोन्ही बाजूंना इमारती वाढत चालल्यात आणि जाहिरातींच्या फलकांवर डोंगराची चित्रं आहेत. त्या इमारतींमुळं खरा डोंगर नेऱ्यापर्यंत धड दिसत नाही, ही या रस्त्याची गंमत.

नेरे आलं की दरी उघडते. कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचं काम करणारं शांतिवन इथंच आहे. उजवीकडं प्रबळगड, म्हणजे जुना मुरंजन, आणि त्याच्या खांद्याला कलावंतीण दुर्गाचा सुळका. समोर माथेरानचं लांबलचक पठार. डावीकडं चंदेरी, म्हैसमाळ, नवरा-नवरीचे सुळके आणि पार टोकाला मलंगगड. तिन्ही बाजूंना डोंगर आणि मधून गाढी. नव्या माणसाला मी इथं सायकलवरून उतरवतो आणि सगळी नावं म्हणून दाखवतो. वाजे गावाशी आल्यावर मात्र सगळ्यांना एकच गोष्ट बघायची असते, एका सिनेनटाचं फार्महाउस. कुणाचं ते सांगायला नको. फाटक सोडून काही दिसत नाही, तरी मंडळी फाटकासमोर फोटो काढतात.

मालडुंग्याकडे रस्ता हळूहळू चढतो. कापणी झालेली खाचरं, बांधावरचे वालाचे वेल, पुढं साग, ऐन, मोह. ठाकर आणि कातकरी वाड्या. पावसाच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात शेवळं घेऊन ज्या बाया बसतात, त्या अशाच डोंगरवाड्यांतून उतरतात. त्यांचं ओझं डोक्यावर असतं आणि आपण सायकलच्या गिअरबद्दल तक्रार करत असतो.

मग गाढेश्वर, म्हणजेच देहरंगचं धरण. डोंगरांच्या पायथ्याशी निवांत पसरलेलं पाणी, आणि वारा नसेल तर त्यात प्रबळची सावली. हे पनवेल शहराचं स्वतःचं धरण. गाळ साठल्यानं आणि शहर वाढल्यानं ते आता एकट्यानं पनवेलची तहान भागवू शकत नाही, पाताळगंगेचंही पाणी घ्यावं लागतं. करंजाड्यात नळाला पाणी कमी आलं की आम्ही टँकरवाल्याला फोन करतो आणि सोसायटीच्या सभेत भांडतो. पण नदी कुठून येते, किती लांबीची आहे, तिच्यावर धरण केवढं, हे माझ्या गटातल्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते सायकलवरून. मोटारीनं येणाऱ्याला ही चढण कळतच नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना मात्र नदीचा उतार नेमका कळतो.

या धरणावर पावसाळ्यात भयंकर गर्दी होते आणि माणसं बुडतात. म्हणून पोलिस त्या दिवसांत बंदीचा आदेश काढतात. दरवर्षी कुणीतरी त्याला नाकं मुरडतं. त्यांनी भूगोल बघावा. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच, आणि तिथून खाडी सरळ रेषेत जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटर. वर ढग फुटला की पाणी कड्यावरून थेट दरीत येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि नदी गढूळ होऊन चढायला लागते. स्वच्छ पाण्यात पालापाचोळा दिसू लागला की काठ सोडायचा. २००५ च्या जुलैमध्ये याच गाढीच्या पुरानं पनवेलमध्ये काय केलं, ते जुन्या पनवेलकरांना विचारा.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाची गोष्ट तर अजून ताजी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात डोंगर चढून गेले. तिथून जवळच मोरबे धरण आहे, नवी मुंबईला पाणी देणारं, गाढेश्वरपेक्षा कितीतरी मोठं. चौकवरून तिकडं सायकलनं जाता येतं आणि तोही दिवस सुंदर जातो. मी पावसाळ्यात कुणाला घेऊन जात नाही, ना इकडं ना तिकडं. लोक हिरव्या डोंगरांचे फोटो पाठवून आग्रह करतात. मी नाही म्हणतो.

धोदाणीला रस्ता संपतो. इथून पायवाट माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढते. वर पर्यटकांची गर्दी असते, खालून कामासाठी आणि विक्रीसाठी जाणारी माणसं हीच वाट चढतात. माथेरानचा इतिहास सांगताना ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं १८५० मध्ये ते शोधलं असं म्हणतात. तो पलीकडून, चौकच्या बाजूनं चढला आणि त्याला वर नेणारा होता चौकचा पाटील. शोध लावणाऱ्याचं नाव पुस्तकात आलं, वाट माहीत असलेल्याचं नुसतं पद आलं. आमच्या धंद्यातली ही जुनीच रीत.

निदान इथल्या माणसांच्या पदरात काही पडावं, म्हणून जेवणाचं मी आधी ठरवून ठेवतो. वाडीतल्याच एखाद्या घरी भाकरी, वालाची उसळ, सुकटाची चटणी. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पोपटी लावायला सांगा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर अंडी नि कोंबडी, आणि वरून जाळ. सायकल चालवून आल्यावर पोपटीपुढं दुसरं काही सुचत नाही. पण बेतानं खा, परत जायचंय.

परतीचा रस्ता उताराचा, म्हणून सगळे खुशीत असतात. मग दुपारचा खारा वारा समोरून येतो आणि उतारावरही पायडल मारावं लागतं. समुद्राकडचा हा वारा कोकणातल्या सायकलवाल्याला चुकत नाही. त्यासाठी एकामागं एक ओळीत चालायचं आणि पुढच्यानं आळीपाळीनं मागं यायचं. बाटलीत पाण्याऐवजी कोकम सरबत असलं तर उत्तम, त्यातलं मीठ कामाला येतं. चार वाजेपर्यंत करंजाडे गाठावं, संध्याकाळी पनवेलच्या गर्दीत दमलेल्या पायांनी सायकल घालू नये.

जाता जाता एक विनंती. तुम्ही स्वतः गट करून गेलात, तर नेऱ्याच्या पुढं तिथल्याच एखाद्या मुलाला बरोबर घ्या. प्रबळगडाच्या अंगावरच्या प्रबळमाची वाडीतली मुलं कलावंतिणीवर लोकांना नेतात, घरी जेवू-राहू घालतात. तसं काम गाढीच्या खोऱ्यातल्या मुलांनाही मिळायला हवं. त्याचे दिवसाचे पैसे सकाळीच ठरवा आणि परतल्यावर घासाघीस करू नका. आणि तो ‘आज पाण्यात उतरू नका’ म्हणाला, तर उतरू नका.