साखर पाच सेकंदांत, पण किडनीचं काय?

आजचा भाग ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे, त्यांच्यासाठी.

माझा मामा संग्रामपूर तालुक्यातला, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यातला. रोज सकाळी बोट टोचायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. "एकशे दहा! मले काय धाड भरली?" मग पाय सुजायला लागले. खामगावला नेलं, रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ३.४. साखर तेव्हाही ठीकच होती, बरं का.

ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजशी प्रक्रिया करतं, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि मशीन तो मोजतं. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ही कल्पना मांडली. पण त्या पट्टीला किडनी दिसतच नाही.

मग क्रिएटिनिनची पट्टी का नाही? आहे की! बोटाच्या थेंबावर अर्ध्या मिनिटात आकडा देणारी, हातात मावणारी यंत्रं निघाली आहेत. बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनचं औषध शिरेतून देण्याआधी ती वापरतात. फक्त काम अवघड आहे. रक्तात साखर असते शंभराच्या घरात, क्रिएटिनिन असतं एकच्या आसपास. शंभरपट कमी! शिवाय तिथे एक नाही, तीन एन्झाइम एकामागे एक लावावी लागतात. एकाची ताकद कमी झाली तरी आकडा हलतो. म्हणून पट्टी महाग पडते.

तरीही मला वाटतं, ही यंत्रं पहिल्यांदा संग्रामपूर, जळगाव जामोदच्या उपकेंद्रांत यायला हवीत. तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माणूस पाय सुजेपर्यंत थांबतो. काही जण सगळा दोष खाऱ्या पाण्यावर टाकतात. पण शुगर, बीपी आणि मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या यांनीही किडनी जातेच की.

आणि एक गोची आहे. किडनीचं निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन नॉर्मलमध्ये राहू शकतं. त्याआधी लघवीत अल्ब्युमिन दिसू शकतं, तेव्हा शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात. पट्टीवर आकडा जास्त आला तर लॅबमध्ये पुन्हा बघायचा. मे महिन्यात दिवसभर शेतात राबून, पाणी न पिता आलात तरी तो तात्पुरता वाढतो.

रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तारखेसकट. ०.८ नॉर्मल, १.२ पण नॉर्मल. पण एकाच माणसाचं दोन वर्षांत ०.८ चं १.२ झालं असेल, तर तो फोटो डॉक्टरांना दाखवा. मामाचे जुने रिपोर्ट आम्ही शोधले होते. एकही सापडला नाही.