सात नंबरचा प्लग



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर पुष्कळ बोलले गेले आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘स्पार्क प्लग’ असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हे. बोटाएवढ्या या वस्तूपायी एका माणसाचा पगार कापला गेला, आणि तो परत मिळविताना आम्हांला ती वस्तू शिकावी लागली. आमची शाळा नववीलाच सुटली. जे काही कळले ते मेकॅनिकच्या बाकावर बसून आणि यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका वाचून.

महापे आपणांस ठाऊक आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात गावोगावच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले. त्यांतले काही बंद पडले, त्यांच्या शेजारी संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही. पावसाळा सरला की पारसिकच्या डोंगरापासून कारखान्यांच्या कुंपणांपर्यंत गवत कमरेएवढे वाढते, आणि ते कापायला ठेकेदाराचा माळी खांद्यावर यंत्र अडकवून फिरतो.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर अशाच एका कारखान्याच्या आवारात ते यंत्र बंद पडले. पिस्टनच्या माथ्यालाच भोक पडले होते. ठेकेदार म्हणाला, “माळ्याने पेट्रोलात तेल कमी घातले.” नुकसान हप्त्याहप्त्याने पगारातून कापायला सुरुवात झाली. माळी जालन्याकडचा. युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, “भाऊ, तेल मापानंच घातलं. लिटरला वीस मिली. प्लग तेवढा नवा बसवला होता, तोही मुकादमानं आणून दिलेला.” त्याने रुमालात बांधलेला प्लग काढून दाखविला. हा शहाणपणा त्याला कोणी शिकविला, देव जाणे. आमच्या कित्येक जुन्या कार्यकर्त्यांना तो सुचला नसता.

आता प्लग म्हणजे काय ते थोडक्यात. त्याचे आटे इंजिनाच्या डोक्यात बसतात. पुष्कळ प्लगांच्या आट्यांचा व्यास चौदा मिलिमीटर असतो. म्हणून मोटारीचा प्लग लहान यंत्रात फिरतोही, आणि माणूस फसतो. कारण आट्यांची लांबी निरनिराळी असते. गवत कापण्याच्या कित्येक यंत्रांत ती साडेनऊ मिलिमीटर, पुष्कळ मोटारींत एकोणीस. लांब प्लग घातला तर तो आत जाऊन पिस्टनवरच आदळायचा. ही चूक निदान दोरी ओढताच कळते.

दुसरी चूक कळत नाही. प्लगच्या टोकाशी चिनीमातीचे नाक असते. नाक लांब असेल तर टोकाची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, लांबट घरातून माणसाला ओसरीवर यायला लागतो तसा. तो प्लग गरम. नाक आखूड असेल तर प्लग थंड. टोकाची उष्णता साधारण साडेचारशे अंशांच्या खाली राहिली तर काजळी धरते. साडेआठशेच्या वर गेली तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टन वितळू लागतो. प्लग किती गरम, किती थंड, हे त्याच्यावरच्या आकड्याने सांगितलेले असते. आणि इथेच खरी मौज आहे. जपानच्या एनजीके कंपनीचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. जर्मनीच्या बॉशचा आकडा जितका मोठा तितका गरम! एकाच यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘बीपीएमआर ७ ए’ आणि ‘डब्ल्यूएसआर ६ एफ’ असे दोन प्लग शेजारी छापलेले असतात. पहिल्याचा सात आणि दुसऱ्याचा सहा, दोघांचे काम एकच.

आमच्या माळ्याच्या यंत्राला पहिल्या पद्धतीचा सात नंबर हवा होता. मुकादमाने दुकानातून दुसऱ्या पद्धतीचा आठ नंबर आणला. आटे जुळले, किंमत कमी होती, आणि आठ म्हणजे सातापेक्षा भारी, असा त्याचा हिशेब. मुकादमाला आम्ही फार दोष देत नाही. त्यालाही कोणी सांगितले नव्हते.

चौकशीच्या दिवशी आम्ही टेबलावर पिस्टन ठेवला, प्लग ठेवला आणि माहितीपुस्तिका उघडून ठेवली. तेल कमी पडले तर पिस्टनच्या अंगावर ओरखडे उठतात आणि इंजिन आवळून बसते. इथे अंग गुळगुळीत होते आणि माथा वितळलेला. प्लगची चिनीमाती पांढरीफटक, तिच्यावर बारीक फोड, टोक झिजलेले. कारखान्याचे इंजिनियर म्हणाले, “पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तरी प्लग पांढरा पडतो.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते आम्ही तिथेच कबूल केले. परंतु प्लगवरचा आकडा आणि दुकानाची पावती ही तर समोर होती, आणि पावती माळ्याच्या नावाची नव्हती.

त्या वेळी १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम लागू होता. कामगाराच्या स्वाधीन केलेल्या मालाचे नुकसान थेट त्याच्या हयगयीने झाले असेल तरच कपात, आणि तीही त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर. २०१९ च्या वेतन संहितेतही ही संधी ठेवलेली आहे. आमच्या माळ्याला कोणी काही विचारलेच नव्हते. कापलेले पैसे परत मिळाले.

पण पुढचा प्लग कोणी आणायचा, एवढे ठरायला आणखी चार महिने गेले. यंत्र चालवतो त्यानेच प्लग निवडावा, ही आमची मागणी. ठेकेदाराला त्यात भलताच मोठा अधिकार दिसला. शेवटी मान्य झाले. आता माळी जुना प्लग खिशात घालून जातो, काउंटरवर ठेवतो, आट्यांची लांबी शेजारी धरून पाहतो, अक्षरे आणि आकडा पुस्तिकेशी ताडतो. टोकांमधली फट अर्धा मिलिमीटर आहे का, ते गेजने मोजतो. बसविताना आधी हाताने आटे लावतो आणि नव्या वॉशरवर पान्याने अर्धाच फेरा देतो. पहिल्याच खेपेला त्याने तीन प्लग परत केले आणि चौथा घेतला. दुकानदार कुरकुरला म्हणतात.