फोटो स्वच्छ, दुखणे खरे

फौंड्रीतला गडी लंगडत येतो, खुब्याचा क्ष-किरण फोटो स्वच्छ निघतो, आणि मुकादम म्हणतो, "सोंग आहे!" हा न्याय मला मान्य नाही. १८९५ साली राँटगेनला गवसलेले किरण हाडाची घडण दाखवतात. परंतु रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा आतून मरू लागला, तर आरंभी ते बहुधा मुकेच राहतात. एमआरआय मज्जेतला बदल आधीच टिपतो. विदर्भ-नंदुरबारकडे सिकलसेलच्या रोग्यांत हा विकार आढळतो. अतिमद्यपानाने, स्टिरॉइडनेही होतो. गोळा खचण्यापूर्वी कळले, तर सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. म्हणून मागणी एवढीच : दुखणे हटत नसेल, तर एका फोटोवर प्रकरण मिटवू नका, पुढची तपासणी करा. तोवर कामगाराला खोटा म्हणू नका!