दाबयंत्रावाचून ठसा



ठसेचित्र म्हटले की जड लोखंडी दाबयंत्र डोळ्यांपुढे येते, आणि खेड्यातले गुरुजी म्हणतात, “हे काही आपल्या शाळेचे काम नव्हे!” तेवढा एक गैरसमज आज दूर करायचा आहे.

कोलाग्राफ हे नाव ग्लेन आल्प्स या अमेरिकन चित्रकाराने १९५०नंतरच्या दशकात रूढ केले. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात ते शिकवीत. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस, गोंद. नावातच सारी कृती आली पाहा: चिकटवा आणि छापा. लाकूड कोरायला नको, की पत्र्यावर तेजाब ओतायला नको.

जाड पुठ्ठा घ्या. त्यावर गोणपाटाचा तुकडा, दोरा, वाळलेले पान, कापलेला कागद असे काहीबाही चिकटवा. मात्र सगळ्यांची उंची साधारण सारखी असावी. जाड सुतळीशेजारी नाजूक पान ठेवलेत, तर सुतळीच उठेल, पान नाही. रात्रभर वजनाखाली वाळू द्या. मग दोन्ही अंगांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. पॉलिशमध्ये स्पिरिट असते. चुलीपासून, दिव्यापासून ते दूर ठेवा, बरे का.

हा हात चुकवू नका. माझेच सांगतो. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ मी जपून ठेवला होता. उतावीळपणे तोच पहिल्यांदा चिकटवला, वर लाख दिली नाही. शाई प्याला, कागदाला चिकटला आणि ओढताना फाटला. दुसरा तुकडा घरात नव्हता. म्हणून म्हणतो, पहिला हात गोणपाटावर बसवा. जिवाभावाची वस्तू मागाहून.

छापखान्यातली थोडी शाई काचेवर पसरा. रूळ नसेल तर चिंधीची घट्ट पुरचुंडी करून ती पुठ्ठ्यावर पातळ टिपा. वर पातळ कागद ठेवा, एका हाताने घट्ट धरा आणि लाकडी डावाच्या पाठीने मधून कडांकडे गोल गोल घासा. एक कोपरा उचलून डोकवा. फिके दिसले तर कागद तसाच खाली सोडून पुन्हा घासा. पहिला ठसा बहुधा फिकाच येतो, हिरमुसू नका. अक्षरे मात्र उलटी चिकटवा, नाहीतर छापल्यावर आरशात वाचावी लागतील! शेवटी गोडेतेलाच्या चिंधीने शाई पुसून घ्या.

गुरुजी, तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल, चित्रकलेच्या तासाला कोरी वही झाकून बसणारा. त्याची पेन्सिल चालत नाही. पण कोणत्या झाडाचे पान जाळीदार, कोणते खरखरीत, हे त्याला तुमच्या-माझ्याहून अधिक ठाऊक असते. त्याला पाने आणायला धाडा. कागद उचलण्याचा मान त्यालाच द्या, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहा.