अर्पणापूर्वी समेट



आज आम्ही आपल्या घरातल्याच एका शत्रूविषयी बोलणार आहोत. तो म्हणजे क्रोध. जळगाव-धुळ्याकडे हातभर बांधावरून किंवा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात आणि त्या जमिनीच्या मोलाहून अधिक पैसा कोर्टाच्या पायरीवर ओततात. पीक बुडाल्याचे वैफल्य तर बायकामुलांवर निघते. हे आपणांस ठाऊक नाही असे नाही.

क्रोधाची मीमांसा आपल्याच भूमीत झाली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि अखेर बुद्धिनाश, ही गीतेतील साखळी सर्वांस परिचित आहे. परंतु ती एका मनाच्या आतली आहे. ज्याच्याशी भांडलो, त्याच्या दारी कसे जावे, हे आम्हांस ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनात अधिक स्पष्ट सापडले. आम्ही ख्रिस्ती नव्हे; पण विनोबांनीही पुढे ख्रिस्तधर्माचे सार संकलित केले, मग आम्हांस संकोच कसला?

येशूची शिकवण अशी की, देवापुढे अर्पण घेऊन आलेल्यास, भावाच्या मनात आपल्याविषयी सल आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी समेट करावा व मग परत यावे. यातील मर्म ध्यानी घ्यावे. तुझा भावावर राग असेल तर, असे येथे म्हटलेले नाही. भावाचा तुझ्यावर असेल तर, असे म्हटले आहे. चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. ज्याला आठवले, त्याने उठावे. संत पौलाने तर क्रोधाला सूर्यास्ताची मुदत घातली आहे.

हे सोपे नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक गिरिप्रवचनाने भारावले व १८९५ साली ख्रिस्ती झाले. तरी त्यांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपविलेला नाही. दीक्षेने स्वभाव एका दिवसात पालटत नाही. पण राग येणे निराळे आणि तो जपून ठेवणे निराळे. पहिले स्वभावाचे काम, दुसरे आपल्या निश्चयाचे.

आपला हक्क सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. बांध पंचांसमक्ष मोजून घ्यावा. बोलणे मात्र तोडू नये. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच पित्यासाठी दोन घरी दोन घागरी भरतात, तेव्हा त्या पित्याच्या आत्म्यास काय वाटत असेल? म्हणून विनंती एवढीच की, येत्या आखाजीला घागर भरण्यापूर्वी भावाच्या दारी जावे. त्याने दार न उघडल्यास पुन्हा जावे. घागर तोवर थांबेल. पितर रागावणार नाहीत.