वडाप, एस. टी. आणि शंभर प्रश्न

इस्लामपूरच्या स्टँडबाहेर आपण पेठ नाक्याला जायला उभे आहात. वडापवाला म्हणतो, "बसा की, आत्ता निघतोय!" आपण बसता, पण सीटा भरल्याशिवाय त्याचे चाक हलत नाही. आतली एस. टी. मात्र वेळ झाली की सुटते, मग उतारू पाच असोत की पन्नास. एकाचे लक्ष गर्दीवर, दुसरीचे घड्याळावर. आज ज्या कोड्याविषयी बोलायचे आहे, त्याचे मर्म या दोन गाड्यांतच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी प्रोग्रॅमरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला होता. त्याला घातलेले कोडे असे : प्रोग्रॅमचे निरनिराळे भाग आपापल्या सवडीने सर्व्हरकडे लहान लहान विचारणा करतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. सर्व्हर एका फेरीत शंभर विचारणा घेऊ शकतो. तेव्हा त्या एकत्र बांधून पाठवा. पण विचारणाऱ्याला त्याची गंधवार्ताही लागू नये.

हा खटाटोप कशासाठी? तर ओझे लहान असो वा मोठे, फेरीचा खर्च चुकत नाही. जॉन नेगल यांनी १९८४ साली दाखवून दिले की, एका बाइटचे एक अक्षर जाळ्यावरून धाडायचे तर त्यावर ४० बाइटांचे वेष्टन चढते. चार आण्यांच्या वस्तूला दहा रुपयांचे पार्सल! त्यांचा उपाय साधा होता : आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत पुढची अक्षरे साठवावीत. फेसबुकने २०१५ साली सर्वांना खुले केलेले 'डेटालोडर' हे साधनही याच कुळातले.

आमच्या विद्यार्थ्याने लिहिले, "शंभर जमले की पाठवा." परीक्षकाने विचारले, "आणि तीनच आले तर?" पोरगा गप्प झाला. ते तिघे बिचारे वडापात बसून राहिले की हो! म्हणून नियम हवा दुहेरी : शंभर भरले, किंवा पहिला उतारू बसून, समजा, सेकंदाचा शंभरावा भाग झाला, यांतले जे आधी घडेल तेव्हा गाडी सोडावी. घड्याळ पहिल्या उतारूचेच धरावे. प्रत्येक नव्या माणसागणिक ते मागे सारले, तर पहिल्याच्या वाट्याला नुसतेच ताटकळणे येते. गाडी सुटल्यावर आला, त्याने पुढच्या गाडीत बसावे.

परतीचे काम याहून नाजूक. पिठाच्या गिरणीत दहा घरचे डबे ओळीने लागतात. पण शाळूचे पीठ शाळूवाल्याच्याच डब्यात पडले पाहिजे. उत्तरे उलटसुलट क्रमाने येतील. म्हणून ओळीवर विसंबू नये, क्रमांक पाहून द्यावीत. दोघांनी एकच क्रमांक विचारला, तर सर्व्हरला एकदाच विचारावे आणि उत्तर दोघांना द्यावे. एखादा क्रमांक सापडलाच नाही, तर नकार त्या एकालाच कळवावा. बाकीच्यांना रिकाम्या हाती परत पाठवू नये.

नोकरी काही मिळाली नाही. "सर, माझं इंग्रजी कमी पडलं," असे तो म्हणाला. मला ते पटले नाही. तीन वर्षे हा मुलगा याच वडापातून कॉलेजला येत होता. सीट भरेना आणि तास बुडतो, ही तळमळ त्याच्याइतकी त्या परीक्षकालाही ठाऊक नसेल! पण आपले रोजचे जगणे परीक्षेच्या कामी येते, हे आम्ही मास्तरांनी त्याला कधी सांगितलेच नाही. ती चूक आमची. आपल्या घरातला मुलगा उद्या अशा मुलाखतीला निघेल, तेव्हा त्याला एवढे जरूर सांगा : कोडे समोर आले की आधी आपला स्टँड आठव.