सोनोमीटरची तार आणि उलटसुलट गुणाकार
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, क्वांटम मेकॅनिक्स आपल्या वर्ध्याच्या मुलांना जमेल का? त्यासाठी आधी काय यायला पाहिजे?" तिथं उत्तर अर्धवट राहिलं, ते इथं पूर्ण करतो.

आधी माझी फजिती. नागपूरला एम.एस्सी.ला असताना क्वांटमच्या चौथ्या तासालाच मला काही समजेना. वाटलं, हे आपलं काम नाही; घरी जावं, बी.एड. करावं. दिवाळीत घरी आलो, माळ्यावरची बारावीची पुस्तकं काढली आणि लक्षात आलं, मी अडलो होतो तो मॅट्रिक्सवर! गुणाकार पाठ होते. ते कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग समजलं की १९२५ साली खुद्द हायझेनबर्गलाही मॅट्रिक्स माहीत नव्हते. वय तेवीस. त्याच्या नव्या गणितात दोन राशींचा गुणाकार उलटा केला की उत्तर बदलत होतं, आणि त्यामुळे तो बेचैन होता. मॅक्स बॉर्न यांनी ओळखलं की हे तर आपण विद्यार्थी असताना शिकलेले मॅट्रिक्स! जुना धडा असा कामी आला.

आपल्याला यात नवल वाटू नये. आधी वखरणी, मग पेरणी. क्रम उलटा केला तर पीक हाती येईल का? इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग यांच्या गणितातही क्रम महत्त्वाचा असतो. हायझेनबर्गचं १९२७ चं अनिश्चिततेचं तत्त्व त्यातूनच निघतं.

दुसरी गोष्ट आपल्या प्रयोगशाळेतली. सोनोमीटरची तार आठवते? दोन्ही टोकं पक्की, म्हणून तिच्यावर अर्ध्या तरंगलांबीचे एक, दोन, तीन असे पूर्ण तुकडेच बसतात; दीड बसत नाही. बंद पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच. त्याची ऊर्जा एक, चार, नऊ अशा पटींतच मिळते, मधली नाही. श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरण सोडवलं की हेच उत्तर येतं.

तर बेटा, तुझी यादी अशी: संमिश्र संख्या, कारण त्या समीकरणातच वर्ग उणे एक असलेली संख्या बसलेली आहे. विकलन, संकलन आणि विकलक समीकरणं. सदिश आणि मॅट्रिक्स. संभाव्यता, कारण इलेक्ट्रॉन कुठं सापडेल याची फक्त शक्यताच सांगता येते. भौतिकशास्त्रातून ऊर्जा, संवेग, दोलन, तरंग आणि प्रकाशविद्युत परिणाम. यातलं बरंचसं तुझ्या दप्तरातच आहे. पदवीच्या वर्षांत ते खोल करायचं, हॅमिल्टनचं यामिकी शास्त्र जोडायचं.

२०२३ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्या कामाला माणसं लागतील, आणि ती आपल्या जिल्ह्यातूनही जावीत.

सोबत्यांनो, शाळेला भेट म्हणून आपण घड्याळं, पंखे देतोच. यंदा मी वेळ देतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी याच शाळेत गणित शिकवायला येईन. विद्यार्थी एकच आला तरी वर्ग भरेल. माझ्यासारखं कुणी माळ्यावरची पुस्तकं उशिरा काढू नयेत, एवढीच इच्छा.